चादरींची खोली

खोली उभी राहायला अर्धी सकाळ पुरली. भिंती चादरींच्या, कोपरे बांबूंचे, आणि छप्पर म्हणून कुठल्याशा हॉटेलच्या दुहेरी पलंगाची चादर. वारा आला की चारही भिंती आत ओढल्या जायच्या आणि पुन्हा फुगायच्या. खोली अशी मोकळेपणाने श्वास घेत होती. गच्चीवरची माणसं मात्र आपापला रोखून उभी होती.

"त्याला सांगा, बांबू हातभर पुढे आलाय," दादा म्हणाले.

"त्यांना सांगा, नकाशात आहे तिथेच आहे," धाकटा म्हणाला.

दोघा भावांमध्ये अंतर एका चादरीचं. सांगणारे वकीलमामा. विटांच्या प्रकरणापासून भाऊ एकमेकांशी मामांमार्फतच बोलत. मामांचा जन्म वकिलीत गेला, पण एवढे निरोप कोर्टाच्या बेलिफानेही पोचवले नसतील, असं ते स्वतःच म्हणत.

विटांचं प्रकरण एवढंच, की मागच्या वर्षी दादांनी कुणाला न विचारता गच्चीच्या मधल्या भागात सोलरची पॅनेल बसवली आणि यंदा धाकट्याने कुणाला न विचारता खोलीसाठी विटा आणल्या. दादांनी त्या फाटकातच अडवल्या. एकाने न विचारण्याचा पायंडा पाडला, दुसऱ्याने तो इमानाने पाळला, आणि भांडण मात्र पायंडा मोडल्यासारखं झालं.

धाकटी, म्हणजे धाकट्याची बायको, पाण्याच्या टाकीला टेकून हे बघत होती. खोली तिच्या आईसाठी. आई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, एकटी. तिची भाड्याची जागा मालकाने विकली होती आणि थंडीच्या आत ती सोडायची होती. वरच्या मजल्यावर धाकटीच्या घरात आईची खाट टाकून बघितली, तर दार लागेना. मुलं म्हणाली, आजीला आमच्यात झोपू दे. आजी म्हणाली, मला घोरायला स्वतःची जागा लागते. हसत म्हणाली, पण त्यानंतर तिने खाटेचा विषय काढला नाही. फोनवर नुसतं विचारायची, "काय म्हणतायत तुझ्याकडचे?" या प्रश्नाने धाकटीची झोप उडाली होती.

चादरी लावून बघायची कल्पना कुणाची, हे विचारायची गरजच नव्हती. ती अण्णांची रीत. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, तरी या घरात कागदावर कुणाचा विश्वास नव्हता. "करून बघा, मग बोला," हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. धाकटीला बघायला आले तेव्हा त्यांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. लाँड्रीतली एक ओली चादर मागवली, एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं थोरल्या सुनेच्या, आणि म्हणाले, "पिळा." दोघींनी उलट दिशांना पीळ दिला, पाणी निघालं, लग्न ठरलं. तेव्हापासून दोघी जावा उलटच पिळत आल्या होत्या. घरचं काम त्यावरच चाललं होतं.

घराची वाटणीही अण्णांनी अशीच केली. तळमजला आणि लाँड्री दादांना. वरचा मजला धाकट्याला. गच्ची कागदावर तिघांची सामाईक, दादा, धाकटा आणि त्यांची बहीण अक्का. पण प्रत्यक्षात तिची वाटणी कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवर. दक्षिणेकडच्या दोऱ्या धाकट्याच्या, मधल्या दादांच्या, आणि उत्तरेला जिन्याची टपरी व पाण्याची टाकी यांच्या आड उरलेल्या अक्काच्या. कागद आणि दोऱ्या यांचा मेळ कुणी कधी घातला नाही. दादांनी आपल्या दोऱ्या सोडून पॅनेल लावली, धाकट्याने आपल्या दोऱ्यांखाली खोली आखली. दोघांच्याही मते आपण आपल्याच जागेत होतो.

"दोघेही चुकलात," मामांनी मागच्या बैठकीत सांगितलं होतं. "छतावर पॅनेल लावणं हा घरमालकाचा हक्क आहे, उद्या कुणी उगाच नाही म्हणालं तर मीच भांडेन. पण छत एकट्याचं असेल तर. सामाईक छताला बाकीच्यांची लेखी संमती लागते. खोलीलाही लागते, वर पालिकेची परवानगी. कोर्टात गेलात तर दोघेही वादी, दोघेही प्रतिवादी. माझ्याच घरची सोय होईल."

"आणि ऊन?" थोरलीने विचारलं होतं. "ऊन कुणाचं?"

"आपल्यावर पडतं म्हणून ते आपलं होत नाही. शेजाऱ्याने उद्या भिंत उभारली तर नुसतं 'माझं ऊन' म्हणून भागत नाही. पण मालकांनी आपसात लिहून नोंदवलं, की तो हक्क होतो. मग घर विकलं तरी घेणाऱ्यालाही तो पाळावा लागतो."

त्यावर ठरलं ते हे. धाकट्याच्या खोलीला सगळ्यांनी संमती द्यायची, दादांच्या पॅनेलला सगळ्यांनी संमती द्यायची, आणि खोलीची सावली पॅनेलवर पडत नाही हे आधी करून बघायचं.

ऊन डोक्यावर आलं. गच्ची तापली. धाकटा खडू घेऊन गुडघ्यांवर बसला. तो नकाशे काढायचा, घरात त्याला 'पट्टी' म्हणत, आणि पट्टीच्या हातून रेघ वाकडी गेलेली कुणी पाहिली नव्हती. त्याने चादरींच्या सावलीची कड आखली. सावली खोलीच्या पायाशी मांजरासारखी अंग चोरून बसली होती. पॅनेलची पहिली रांग तिच्यापासून चांगली लांब.

"त्यांना सांगा, बघून घ्या म्हणावं."

दादांनी बघितलं. मग उन्हं कलेपर्यंत सगळे तिथेच थांबले, आणि पट्टी पुन्हा पुन्हा रेघ मारत राहिला. सावली पूर्वेला सरकली, लांबली, पण पॅनेलकडे वळली नाही. शेवटी दादांनी रुमालाने मान पुसली.

"त्याला सांगा," ते म्हणाले, आणि थांबले. मग मामांना वगळून थेट म्हणाले, "चोख काम करतोस."

अक्काने लगेच डोळे टिपले. ती दोन्ही भावांच्या मधली. भावांचं भांडण आणि समेट या दोन्हींत रडायची तिची जबाबदारी होती. पट्टीने खडू उगीचच खिशात घातला. मामांनी टाकीच्या सावलीत खुर्ची ओढली आणि मसुदा वाचायला घेतला. संमतीची कलमं झाली. मग उन्हाचं आलं.

"...सदर पॅनेलवर वर्षातील कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी सावली पडेल असे बांधकाम कोणीही सहमालक करणार नाही, आणि केल्यास ते स्वखर्चाने काढून टाकील."

"बरोबर," दादा म्हणाले. "एका पॅनेलवर सावली पडली की अख्खी रांग मंदावते. माझे ड्रायर त्यावर चालतात."

"मान्य," पट्टी म्हणाला. "पडतच नाही, तर भीती कसली?"

वर्षातील कोणत्याही दिवशी. धाकटीने टाकीचा टेका सोडला.

आत्ता उन्हाळा, म्हणून ऊन डोक्यावरून जात होतं. पण थंडीत ते डोक्यावर येतच नाही, दक्षिणेकडे कलून, कठड्यावरून हात टेकत गेल्यासारखं जातं. हे तिला पुस्तकातून नव्हे, चादरींवरून ठाऊक होतं. तिचं लग्न झालं तेव्हा दक्षिणेच्या त्याच भागात अण्णांची साबणाची पत्र्याची शेड होती. पुढे ती गंजून पडली. पण ती होती तोवर, दर थंडीत, शेडची सावली मधल्या दोऱ्यांवर येऊन बसायची आणि चादरी संध्याकाळपर्यंत ओल्या राहायच्या. त्यांना कुबट वास यायचा. अण्णा खालून ओरडायचे, "सुना करतात काय वर?" सुना वर त्या चादरी उचलून उत्तरेकडे पळवायच्या, तिथे टाकीची सावली; मग परत मध्ये. शेड तर खोलीपेक्षा ठेंगणी होती. दादा तेव्हा खाली मशीनवर, पट्टी ऑफिसात, अक्का सासरी. पुरुषांना चादरी ओल्या आहेत एवढंच कळायचं, का ते नाही.

दोघींना ठाऊक होतं. तिला, आणि थोरलीला.

तिने थोरलीकडे पाहिलं. थोरली आपल्या बाहीवरचा एक धागा मन लावून काढत होती. तिथे धागा नव्हता.

"चहा टाकते," धाकटी म्हणाली आणि जिना उतरली.

आधण ठेवून ती ओट्याशी उभी राहिली, मग खिडकीशी गेली, मग साखरेचा डबा काढला, जो आधीच काढलेला होता. हिशेब सोपा होता, म्हणूनच जीव घाबरा करत होता. बोललं तर खोली आजच गेली. नाही बोललं तर खोली होते, आई येते, आणि थंडीत कधीतरी सावली पहिल्या पॅनेलवर पाय ठेवते. मग कलम आहेच, स्वखर्चाने. पण आत राहती म्हातारी असताना खोली पाडा म्हणेल कोण? दादा नाही म्हणणार. दादा ओरडतील, मग गप्प बसतील, मग लाँड्रीचे ड्रायर बंद पडतील आणि ते कुणाशीच बोलणार नाहीत. बेत वाईट नव्हता. फक्त तो तिचा होता, हे तिला आवडत नव्हतं.

मागे पावलं वाजली. थोरली.

"आलं घाल. मामांना लागतं."

"घातलंय."

थोरलीने कप मांडायला घेतले. "चांगली दिसते गं खोली. हवेशीर. तुझ्या आईला आवडेल."

"हो?"

"आवडेलच. करून टाका सही. उगाच लांबण लावू नका."

धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करायची. तिथे ती एक गोष्ट शिकली होती. ज्या गिऱ्हाइकाला फ्रेम खरंच आवडते, ते आरशासमोर कुरकुर करतं. जे पहिल्याच फ्रेमला 'छान, छान' म्हणतं, त्याला दुकानातून बाहेर पडायचं असतं.

"वहिनी, तुम्हाला काही वाटत नाही? सावलीबद्दल?"

"मला काय कळतं त्यातलं? नवरा तुझा नकाशे काढतो." थोरलीने चहा गाळला, एक थेंब सांडला नाही. "आणि कलम आहे की. मी निर्धास्त आहे."

कलम आहे की. धाकटीला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. थोरलीला खोली पाडायची नव्हतीच. तिला खोली उभी हवी होती, कलमासकट. दर थंडीत वर बघून, काही न बोलता, एक उसासा सोडायला. जन्मभर तो उसासा ऐकायचा, जन्मभर त्याची परतफेड म्हणून तिच्या हो ला हो म्हणायचं, आणि आईने वर खिडकीत बसून हे बघायचं.

थोरली ट्रे घेऊन पुढे जिना चढली.

वर दादांची सही झाली होती. पेन पट्टीच्या हातात होतं. धाकटीचा फोन वाजला: आई. तिने तो बंद केला.

"अहो, थांबा."

"आता काय?"

"थंडीत पडेल सावली."

"अगं, आत्ता बघितली ना सगळ्यांनी..."

"आत्ता बघितली. थंडीत बघा. अण्णांची शेड होती इथे. मधल्या दोऱ्यांवरच्या चादरी वाळायच्या नाहीत. किती शिव्या खाल्ल्यात आम्ही त्यापायी! ती शेड तर तुमच्या खोलीच्या खांद्याला लागली नसती."

पट्टीचे कान हळूहळू लाल झाले. त्याने मान वर करून सूर्याकडे पाहिलं, जणू तो आपल्याला न सांगता जागा बदलणार आहे हे आत्ताच कळलं होतं.

दादा चटकन थोरलीकडे वळले. "काय गं? खरं?"

सगळी गच्ची थोरलीच्या तोंडाकडे. वाऱ्याने चादरींचं दार फडफडलं.

"खरं आहे," थोरली म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलंत कधी? तुम्ही 'चादरी अजून ओल्याच?' एवढंच विचारत होता. का ओल्या, हे आज वीस वर्षांनी विचारताय."

मामा खोकले. खोकल्याआड हसू होतं. दादांना मात्र आता राग कुठे ठेवावा कळेना. विटांवरचा जुना त्यांनी शोधला, तो सापडला. "म्हणजे मी विटा अडवल्या तेच बरोबर होतं!"

"अंदाजपंचे बरोबर," पट्टी म्हणाला, आणि मामांकडे न वळता म्हणाला. "कारण माहीत नसताना."

"आणि तू? भूमिती शिकून खडूने रेघोट्या मारत होतास!"

भाऊ थेट भांडत होते. अक्काने पुन्हा डोळे टिपायला रुमाल काढला, पण तो डोळ्यांपर्यंत गेला नाही. ती टाकीमागच्या आपल्या कोंदट कोपऱ्याकडे बघत होती.

"मामा," तिने विचारलं, "माझ्या भागावर खोली बांधली, तर सावली कुठे पडेल?"

"तू उत्तरेला. पॅनेल दक्षिणेला. सावली जाईल मागे, जिन्यावर."

"जिन्याला ऊन लागत नाही ना?"

"नाही लागत."

"मग बांधा," अक्का म्हणाली. "टाकी हलवा नि बांधा. धाकटीची आई आहे तोवर तुमची खोली. त्यानंतर माझी. तसं लिहा."

मग दादा हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "अक्के, तुला कशाला गं खोली? एवढं घर आहे की तुझं."

"आहे. सासरचं आहे, मुलाचं आहे. सून आली की कळेल त्यातलं माझं किती." तिने रुमालाची घडी घातली. "अण्णांनी मला टाकीमागच्या दोऱ्या दिल्या. रुमाल वाळत नाही तिथे. मी म्हटलं, जाऊ दे, नाव तरी आहे. आता नावापेक्षा थोडं जास्त हवंय."

धाकटीने मान हलवली. हो म्हणणं भागच होतं आणि मागणीत वावगं काही नव्हतं. पण मामा नवं कलम लिहायला लागले आणि 'हयातीपर्यंत' हा शब्द तिला उलटा वाचता आला. आईला आत घेताना आई बाहेर केव्हा जाणार तेही लिहून द्यायचं होतं. अक्काने तिची नजर पकडली, आणि अक्कानेच ती आधी काढून घेतली.

"माझ्या भागाचं काय मग?" पट्टी म्हणाला. "जन्मभर रिकामा?"

"चादरी वाळत घाल," दादा म्हणाले.

"रिकामा नाही," धाकटी म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "ऊन आमच्या भागावरून जातं पॅनेलवर. तिथे काही बांधणार नाही, हे आम्ही लिहून देतोय. मग त्या उन्हातलं थोडं खोलीला. वीज पॅनेलवरून."

दादांनी तोंड उघडलं. थोरलीने त्यांच्या आधी उत्तर दिलं.

"दिवा आणि पंखा."

"आणि शेगडी."

"शेगडी नाही."

"गीझर तरी. थंडीत म्हातारीने गार पाण्याने..."

"गरम पाणी खालून पाठवीन. लाँड्रीत गरम पाण्याला काय तोटा?" थोरली म्हणाली. मग जरा थांबून, "रोज पाठवीन. लिहायची गरज नाही."

"लिहा, मामा," धाकटी म्हणाली.

थोरलीने तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली. "लिहा."

सह्या झाल्या. भाऊ टाकी कुठे हलवायची यावर वाद घालत जिना उतरले. मामा मागून, बेकार झालेल्या माणसासारखे. अक्का आपल्या कोपऱ्यात जाऊन पावलांनी जमीन मोजायला लागली. चादरींची खोली उरली. जावांनी ती सोडायला घेतली. हॉटेलचा माल होता, पुन्हा धुवून पाठवायचा होता.

छपराची चादर मोठी. दोघींनी दोन टोकं धरली, ताणली, झटकली.

"मी बोलले असते," थोरली टोक जुळवत म्हणाली, "तर तू म्हणाली असतीस, हिला माझी आई नको आहे."

"म्हणाले असते."

"आणि नकोच होती, खरं सांगायचं तर. गच्चीवर माझ्या डोक्यावर कुणी चालायला नको होतं."

"आता?"

"आता लिहून दिलंय." थोरली चालत आली, तिच्या हातात आपली टोकं दिली, आणि घडीचा खालचा काठ उचलून पुन्हा मागे गेली. "पण तू का बोललीस? गप्प बसली असतीस तर खोली उन्हातली मिळाली असती."

धाकटीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि फोन पुन्हा वाजला. तिने चादर छातीशी धरून तो घेतला.

"काय म्हणतायत तुझ्याकडचे?" आईने विचारलं.

"खोली होतेय, आई."

पलीकडून एक्स्चेंजमधला जुना, चोख आवाज: "कायमची ना?"

धाकटीने टाकीमागे पाहिलं. अक्का चालायची थांबली होती.

"हो. कायमची."

"खिडकी आहे? काय दिसतं त्यातून?"

"पॅनेलच्या पाठी."

"असू दे. ऊन येईल ना गं? माझे गुडघे..."

थोरली चादरीचं दुसरं टोक धरून वाट बघत होती. ती ऐकत होती, आणि ऐकत नाही असं दाखवत नव्हती.

"येईल," धाकटी म्हणाली. "वायरीतून."

"वायरीतून?" आई हसली. "बरं. जन्म वायरींवरच गेला माझा. आणि आंघोळीला गरम पाणी?"

थोरलीने हात पुढे करून तिच्याकडून फोन घेतला.

"ते माझ्याकडून," ती म्हणाली. "पण वेळेवर उठायचं."